ब्रेकपॉइंट लावला, पण थांबतच नाही: जेटॅगवर कर्नेल मॉड्यूल डीबग करताना

जेटॅग (चिपच्या पिनांवरून प्रोसेसर थांबवून तपासण्याची जोडणी) जोडलेला आहे, त्या जोडणीशी बोलणारं ओपनओसीडी चालू आहे, जीडीबी हा डीबगर कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हवा तिथे थांबतो, शेड्यूलरची फंक्शन्सही नावानिशी दिसतात. मग तुम्ही स्वतः लिहिलेलं मॉड्यूल (चालू कर्नेलमध्ये जोडायचा कोडचा तुकडा) इन्समॉड या आदेशाने चढवता, त्याच्या रीड फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावता आणि काहीच होत नाही. ही तक्रार घेऊन लोक येतात तोवर बहुतेकांनी केबल बदललेली असते, ॲडॅप्टर बदललेला असतो, ओपनओसीडीसुद्धा नव्याने बिल्ड केलेलं असतं. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. मॉड्यूल मेमरीत कुठे बसलं, हे डीबगरला कोणी सांगितलेलं नसतं.

मूळ कर्नेलची व्हीएमलिनक्स फाइल ठरलेल्या ॲड्रेसवर लिंक झालेली असते, म्हणून तिची नावं लगेच जुळतात. मॉड्यूलची .केओ फाइल मात्र रीलोकेटेबल असते. तिच्यातला प्रत्येक विभाग शून्यापासून सुरू होतो आणि खरी जागा कर्नेल चढवण्याच्या क्षणी ठरवतो. धर्मशाळेत उतरलेल्या माणसासारखं हे आहे: कोणती खोली मिळाली ते वहीत बघावं लागतं, आणि पुढच्या खेपेला तीच मिळेल याची खात्री नाही. जेटॅगच्या तारांवरून डीबगरला दिसतात फक्त प्रोसेसरचे रजिस्टर आणि मेमरी. ‘मॉड्यूल’ नावाची गोष्ट त्याला ठाऊक नाही.

खाली जे लिहिलंय ते रास्पबेरी पाय ३ बोर्ड (पुढे नुसतं ‘पाय’), त्यावर ६४-बिट लिनक्स, एफटी२२३२एच चिपचा साधा यूएसबी ॲडॅप्टर, ओपनओसीडी आणि जीडीबी-मल्टीआर्क ही जुळणी डोळ्यांसमोर ठेवून. बोर्ड वेगळा असला तरी तपासण्यांचा क्रम तोच ठेवा. आदेशांची आणि फाइल्सची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टर्मिनलवर ती नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करायची.

लक्षणं

- मॉड्यूलमधल्या फंक्शनचं नाव दिलं की जीडीबी म्हणतो, असं फंक्शन नाही, पुढे शेअर्ड लायब्ररी चढल्यावर ब्रेकपॉइंट लावू का? तुम्ही हो म्हणता आणि वाट बघत बसता.
- ब्रेकपॉइंट लागला असं दिसतं, पण फंक्शन चालूनही थांबत नाही.
- थांबतो, पण भलत्याच ओळीवर. किंवा व्हेरिएबलमध्ये कचरा दिसतो.
- ब्रेकपॉइंट लावताच मेमरीत लिहिता आलं नाही अशी चूक येते.
- रीड आणि राइट फंक्शनवर थांबतो, पण मॉड्यूल चढताना एकदाच चालणाऱ्या इनिट फंक्शनवर कधीच नाही.
- एकदा सगळं नीट चालतं. आरएमएमॉडने मॉड्यूल उतरवलं आणि पुन्हा इन्समॉड केलं की बिघडतं, कधी कर्नेलच ऊप्स (कर्नेलचा गंभीर चुकीचा संदेश) देऊन पडतो.
- स्टेप केलं की आपल्या कोडऐवजी इंटरप्टच्या कोडमध्ये जाऊन पडतो.
- थांबवून ठेवलेला बोर्ड थोड्या वेळाने आपोआप रीबूट होतो.

जर ओपनओसीडीला चिपच सापडत नसेल, तर तो वेगळा दोष आहे. सरळ शेवटून दुसऱ्या भागाकडे जा. आणि मॉड्यूल ऊप्स देऊन पडत असेल, कन्सोलवर फंक्शनचं नाव आणि त्यापुढचा ऑफसेट दिसत असेल, तर आधी कर्नेलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधली एफॲडर२लाइन वापरा. ती .केओ फाइलवरून थेट ओळ क्रमांक सांगते. निम्म्या प्रश्नांना जेटॅगची गरजच पडत नाही.

सर्वात आधी: मॉड्यूल कुठे बसलं ते कर्नेललाच विचारा

याला पैसा लागत नाही, वेळही दोन मिनिटांचा. बोर्ड चालू असताना, प्रोसेसर थांबवण्याआधी, रूट म्हणून /सिस/मॉड्यूल/तुमच्या मॉड्यूलचं नाव/सेक्शन्स हा फोल्डर उघडा. साध्या एलएसने तो रिकामा किंवा अर्धवट दिसेल, कारण हव्या त्या फाइल्सची नावं बिंदूने सुरू होतात. एलएस -ए करा. .टेक्स्ट (कोड), .डेटा आणि .बीएसएस (व्हेरिएबल), .इनिट.टेक्स्ट (इनिटचा कोड) अशा फाइल्स दिसतील आणि प्रत्येकीत एक ॲड्रेस असेल. फोल्डरच नसेल तर कर्नेलमध्ये कॉन्फिग_केऑलसिम्स बंद आहे. फाइल वाचता येत नसेल किंवा सगळे शून्य दिसत असतील तर बहुधा तुम्ही रूट नाही.

हे ॲड्रेस जीडीबीला असे द्यायचे:

ॲड-सिम्बॉल-फाइल माझं_मॉड्यूल.केओ <.टेक्स्टचा ॲड्रेस> -एस .डेटा <त्याचा ॲड्रेस> -एस .बीएसएस <त्याचा ॲड्रेस>

.डेटा आणि .बीएसएस देणं अनेक जण टाळतात, कारण फक्त .टेक्स्ट दिलं तरी ब्रेकपॉइंट लागतो. पण मग ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल जीडीबी चुकीच्या जागी वाचतो, आणि तुम्ही नसलेल्या बगच्या मागे दुपार घालवता. ‘व्हेरिएबलमध्ये कचरा दिसतो’ या लक्षणामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

दुसरी सवय म्हणजे /प्रॉक/मॉड्यूल्समधला ॲड्रेस उचलून तोच .टेक्स्टचा ॲड्रेस म्हणून देणं. ती मॉड्यूलच्या सलग तुकड्याची सुरुवात असते. .टेक्स्ट नेमकं तिथूनच सुरू होईल याची हमी नसते, कधी त्याआधी दुसरा विभाग बसलेला असतो. तसं झालं की ब्रेकपॉइंट लागतो, पण काही बाइट सरकून. ‘भलत्याच ओळीवर थांबतो’ हे लक्षण दिसलं की आधी इथे बघा.

आणि एक कडक नियम: आरएमएमॉड करण्याआधी त्या मॉड्यूलचे सगळे ब्रेकपॉइंट काढा आणि रिमूव्ह-सिम्बॉल-फाइलने जुनी नावंही काढा. पुन्हा चढवल्यावर ॲड्रेस बदललेला असू शकतो. जुनी नावं तशीच राहिली तर जीडीबी जुन्या जागेवर थांबायला बघतो. आणि सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट (मेमरीतला कोड बदलून लावलेला, खाली सांगितलाय) मागे राहिला तर त्याहून वाईट: तो काढताना डीबगर जुन्या ॲड्रेसवर जुना मजकूर परत लिहितो, आणि तोवर ती मेमरी दुसऱ्या कोणाला दिलेली असू शकते. ‘पुन्हा इन्समॉड केल्यावर कर्नेल पडतो’ याचं हे एक नेहमीचं कारण. पडतो भलत्याच ड्रायव्हरमध्ये, आणि संशय जातो त्या ड्रायव्हरवर.

हातातल्या फाइल्स बोर्डावरच्याच आहेत का?

आधी व्हीएमलिनक्स. प्रोसेसर थांबवा आणि जीडीबीत एक्स/एस लिनक्स_बॅनर द्या. बोर्डाच्या मेमरीतून ‘लिनक्स व्हर्जन…’ असं वाक्य वाचून आलं पाहिजे आणि ते /प्रॉक/व्हर्जनमधल्या वाक्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे, बिल्डची तारीख-वेळ धरून. ही एक ओळ इतकं सांगते की मी दुसरं काही बघण्याआधी तीच बघतो. वाक्य आलं नाही तर मॉड्यूलला हात लावू नका. कर्नेलचीच नावं जुळलेली नाहीत.

त्याची दोन कारणं असतात. एक, फाइल दुसऱ्या बिल्डची आहे. दोन, कर्नेलने बूट होताना स्वतःची जागा बदलली आहे. ही केएएसएलआर नावाची सुरक्षेची सोय, आणि डीबगरची सगळी गणितं ती सरकवते. बूटच्या सीएमडीलाइन.टीएक्सटीमध्ये, त्याच एका ओळीत, नोकेएएसएलआर हा शब्द जोडा आणि रीबूट करून /प्रॉक/सीएमडीलाइनमध्ये तो खरंच पोचला का ते बघा. हे फक्त तुमच्या टेबलावरच्या बोर्डासाठी. ग्राहकाकडे जाणाऱ्या इमेजमध्ये हा शब्द राहू देऊ नका.

मग मॉड्यूल. लोकांचा क्रम असा असतो: बिल्ड, बोर्डावर कॉपी, चढवलं, मग सोर्समध्ये एक प्रिंटके (कर्नेलच्या लॉगमध्ये छापणारी ओळ) घातला, पुन्हा बिल्ड, पण कॉपी करायला विसरले. आता बोर्डावर जुनं आणि जीडीबीत नवं. व्हर्मॅजिक (मॉड्यूल कोणत्या कर्नेलसाठी बांधलं ते सांगणारी खूण) दोन्हींचं सारखंच, म्हणून कर्नेल तक्रार करत नाही. खरी ओळख बिल्ड आयडीवरून पटते. बोर्डावर ती /सिस/मॉड्यूल/नाव/नोट्स या फोल्डरमधल्या .नोट.जीएनयू.बिल्ड-आयडी फाइलमध्ये असते, हेक्सडंपने वाचा. होस्टवर, म्हणजे जीडीबी चालणाऱ्या तुमच्या संगणकावर, रीडएल्फ -एन त्याच .केओवर चालवा. दोन्ही आकडे एकच हवेत.

होस्टवरच्या .केओमध्ये डीबग माहिती आहे का हेही तिथल्या तिथे बघून घ्या. फाइल हा आदेश ‘नॉट स्ट्रिप्ड’ आणि ‘विथ डीबग_इन्फो’ म्हणाला पाहिजे. बिल्डरूट आणि योक्टो ही बोर्डाची इमेज बांधणारी साधनं ती लहान ठेवण्यासाठी मॉड्यूल स्ट्रिप करतात, म्हणजे डीबग माहिती काढून टाकतात. बोर्डावर स्ट्रिप केलेलं असलं तरी चालतं, होस्टवर त्याच बिल्डचं न केलेलं जपून ठेवा. कर्नेल कॉन्फिगमध्ये डीबग_इन्फो चालू आणि डीबग_इन्फो_रिड्यूस्ड बंद हवं. हे दुसरं चालू असेल तर स्ट्रक्चरची माहिती मिळत नाही आणि पुढे सांगितलेल्या जीडीबी स्क्रिप्टही चालत नाहीत.

ब्रेकपॉइंट कोणत्या जातीचा आहे?

जीडीबीचा साधा ब्रेक हा आदेश सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट लावतो. म्हणजे त्या जागेची प्रोसेसरची सूचना (इन्स्ट्रक्शन) पुसून तिथे थांबण्याची सूचना लिहितो. ६४-बिट आर्मवर ओपनओसीडी एचएलटी ही सूचना लिहितं. पण आजच्या कर्नेलमध्ये कोड असलेली पानं रीड-ओन्ली असतात, मॉड्यूलचीही, कॉन्फिग_स्ट्रिक्ट_मॉड्यूल_आरडब्ल्यूएक्समुळे. डीबगर प्रोसेसरच्या मार्फत, एमएमयूच्या (मेमरीची परवानगी सांभाळणाऱ्या भागाच्या) नियमांनुसार लिहायला जातो आणि अडतो. लिहिता आलं नाही अशी चूक येते ती इथून.

उपाय फुकट आहे: एचब्रेक वापरा. हार्डवेअर ब्रेकपॉइंट मेमरीला हात लावत नाही. प्रोसेसरमधला तुलना करणारा रजिस्टर ॲड्रेसवर नजर ठेवतो. रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर ओपनओसीडीच्या कॉन्फिगमध्ये जीडीबी_ब्रेकपॉइंट_ओव्हरराइड हार्ड ही ओळ घाला, मग जीडीबीने काहीही मागितलं तरी हार्डवेअरचाच लागतो. हे रजिस्टर मोजके असतात, हे लक्षात ठेवा. पाय ३ मधल्या कॉर्टेक्स-ए५३ मध्ये प्रत्येक कोअरला ६ ब्रेकपॉइंट आणि ४ वॉचपॉइंट (मेमरीतल्या डेटावर नजर ठेवणारे). सातवा लावायला गेलात की पुन्हा चूक येईल, आणि ती आधीच्या चुकीसारखीच वाटेल.

सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंटची आणखी एक जोखीम सांगतो. तो लावलेला असताना यूएसबी केबल निघाली किंवा ओपनओसीडी मारलं, तर एचएलटी कोडमध्ये तसाच राहतो. पुढे प्रोसेसर तिथे पोचतो, डीबगर नसल्यामुळे ती सूचना त्याला अवैध ठरते आणि कर्नेल ऊप्स देतो. मॉड्यूलच्या कामात मी सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंट पूर्ण टाळतो.

चार कोअर, पण नजर एकावरच

हार्डवेअर ब्रेकपॉइंटचे रजिस्टर प्रत्येक कोअरचे स्वतंत्र असतात. ओपनओसीडीच्या कॉन्फिगमध्ये चारही कोअर टार्गेट एसएमपी या आदेशाने एकत्र बांधलेले नसतील तर ब्रेकपॉइंट फक्त शून्य क्रमांकाच्या कोअरवर लागतो, आणि तुमचं रीड फंक्शन तिसऱ्या कोअरवर निवांत चालून जातं. लक्षण ओळखता येतं: कधी थांबतो, कधी नाही.

पडताळायला कॉन्फिग बदलायची गरज नाही. मॉड्यूलला हाक मारणारा प्रोग्राम टास्कसेट -सी ० लावून चालवा. आता दरवेळी थांबत असेल तर दोष सापडला. मॅक्ससीपीयूज=१ देऊन एकाच कोअरवर बूट करणं हा त्याहून जाडा उपाय, आणि मॉड्यूल मुळात उभं करताना तो सोयीचाही पडतो. पण दोन कोअरमधल्या शर्यतीचा बग शोधत असाल तर तो असाच लपेल. तेव्हा एसएमपीची जुळणी नीट करण्याला पर्याय नाही. इंटरप्ट आणि वर्कक्यू (कर्नेल नंतर करण्यासाठी रांगेत ठेवतो ती कामं) कोणत्या कोअरवर चालतील हे टास्कसेट ठरवत नाही, हेही ध्यानात घ्या.

इनिट फंक्शन: इथे सगळेच अडतात

मॉड्यूलचं इनिट फंक्शन इन्समॉड चालू असतानाच चालून संपतं. ॲड्रेस कळेपर्यंत ते होऊनही गेलेलं असतं. वर, __इनिट खूण असलेला कोड काम संपल्यावर कर्नेल मेमरीतून काढून टाकतो. सेक्शन्स फोल्डरमधली .इनिट.टेक्स्ट फाइल मात्र नंतरही जुना ॲड्रेस दाखवत राहते. त्या ॲड्रेसवर विसंबून ब्रेकपॉइंट लावलात तर तो रिकाम्या किंवा दुसऱ्याच्या जागेवर लागतो.

योग्य जागा आहे कर्नेलमधलं डू_इनिट_मॉड्यूल हे फंक्शन. तिथे पोचेपर्यंत मॉड्यूलचे सगळे विभाग आपापल्या जागी बसलेले असतात, रीलोकेशन झालेलं असतं, आणि इनिट मात्र अजून सुरू झालेलं नसतं. नेमकी हवी तीच फट. तर:

एचब्रेक डू_इनिट_मॉड्यूल लावा, कंटिन्यू करा, बोर्डावर इन्समॉड द्या. थांबल्यावर मॉड->नेम छापून आपलंच मॉड्यूल आहे ना ते बघा; यूएसबीला काही जोडलं असेल तर यूडेव्हने (नवं उपकरण दिसलं की आपोआप मॉड्यूल चढवणाऱ्या सेवेने) मध्येच भलतंच मॉड्यूल चढवलेलं असू शकतं. मग मॉड->इनिट छापा. हा इनिट फंक्शनचा खरा ॲड्रेस. एचब्रेक *मॉड->इनिट देऊन पुढे चला आणि तुम्ही पहिल्या सूचनेवर उभे असाल. ओळींसकट बघायचं असेल तर .इनिट.टेक्स्टची सुरुवातही लागते. ऑब्जडम्प -टी ने त्या विभागात इनिट फंक्शन किती ऑफसेटवर आहे ते काढा, मॉड->इनिटमधून वजा करा आणि ॲड-सिम्बॉल-फाइलला -एस .इनिट.टेक्स्ट म्हणून द्या.

बाकी विभागांच्या सुरुवातीही याच मॉड स्ट्रक्चरमध्ये सापडतात, पण कुठे, ते कर्नेलच्या आवृत्तीवर अवलंबून आहे. ६.३ पर्यंत कोअर_लेआउट.बेसमध्ये, ६.४ पासून मेम[मॉड_टेक्स्ट].बेस अशा तऱ्हेने. जुने लेख बघून टाइप केलंत आणि ‘असा मेंबर नाही’ असं उत्तर आलं तर गोंधळू नका, आवृत्ती बघा.

मॉड्यूल इनिटमध्येच अडकून पडत असेल तर आणखी एक सोय आहे. सेक्शन्सच्या फाइल्स इनिटच्या आधीच तयार होतात. म्हणजे दुसरा कोअर जिवंत असेल, दुसरं एसएसएच सत्र उघडं असेल, तर अडकलेल्या मॉड्यूलचे ॲड्रेस तिथून वाचता येतात.

हे सगळं हाताने नको असेल तर कर्नेलसोबत येणाऱ्या जीडीबी स्क्रिप्ट वापरा. कर्नेल ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून, त्या मुख्य सोर्समध्येच आहेत. कॉन्फिग_जीडीबी_स्क्रिप्ट्स चालू करा, मेक स्क्रिप्ट्स_जीडीबी चालवा, जीडीबीच्या ऑटो-लोडच्या सुरक्षित यादीत कर्नेलचा फोल्डर घाला. मग एलएक्स-सिम्बॉल्स हा आदेश, त्यापुढे तुमच्या मॉड्यूलच्या फोल्डरचा मार्ग. तो चढलेल्या मॉड्यूल्सची यादी बोर्डाच्या मेमरीतून वाचतो, होस्टवरच्या .केओ शोधतो, ॲड्रेस लावतो, आणि पुढच्या प्रत्येक इन्समॉडवर डू_इनिट_मॉड्यूलपाशी थांबून हेच पुन्हा करतो.

जेटॅगवर वापरताना त्याच्या काही अडचणी येतात. त्याचा आतला ब्रेकपॉइंट सॉफ्टवेअर जातीचा असतो, म्हणून वरची ओव्हरराइडची ओळ नसेल तर तो लागतच नाही. आणि ओळ असली की सहातला एक रजिस्टर त्याच्याकडे जातो. स्क्रिप्ट चालू कर्नेलच्याच सोर्समधल्या हव्यात, कारण मॉड स्ट्रक्चर बदललं की त्या मोडतात. आणि मॉड्यूल खूप असतील तर यादी वाचायला जेटॅगच्या गतीने बराच वेळ लागतो. जीडीबी अडकलाय असं समजून तो मारू नका. .केओ.एक्सझेड अशी दाबलेली फाइल त्याला वाचता येत नाही, होस्टवर ती सोडवून ठेवा.

थांबला आहे, पण मेमरी वाचत नाही

पीसी रजिस्टर (प्रोसेसर आत्ता कोणत्या ॲड्रेसवर आहे ते सांगणारा) बघा. ६४-बिट आर्मवर कर्नेलचे ॲड्रेस एफएफएफएफने सुरू होतात. पीसी लहान आकडा असेल तर प्रोसेसर एखाद्या यूजर प्रोग्राममध्ये थांबला आहे. तिथून कर्नेलचा भाग वाचता येईलच असं नाही. केपीटीआय ही कर्नेलची मेमरी लपवणारी सुरक्षेची सोय चालू असेल तर यूजर प्रोग्राम चालताना कर्नेलचं पेज टेबल जवळपास सगळं दूर केलेलं असतं. मेमरी खराब नाही आणि ॲड्रेसही चुकलेला नाही. कंटिन्यू करून पुन्हा थांबवा, किंवा कर्नेलच्या एखाद्या फंक्शनवर एचब्रेक लावून तिथे थांबू द्या, मग वाचा.

वेळेची भांडणं

प्रोसेसर थांबवला तरी बोर्डावरचं घड्याळ थांबत नाही. हार्डवेअर वॉचडॉग (सिस्टिम अडकली असं वाटलं की रीसेट करणारा टायमर) चालू असेल तर तुम्ही व्हेरिएबल बघत असताना तो बोर्ड रीसेट करतो. पायच्या वॉचडॉगची कमाल मुदत साधारण १५ सेकंद आहे. सिस्टिमडीच्या सेटिंगमधलं रनटाइमवॉचडॉगसेक बंद करा, वॉचडॉगची दुसरी सेवा असेल तर तीही.

पुढे चालू केल्यावर कन्सोलवर आरसीयू स्टॉल आणि सॉफ्ट लॉकअपचे, म्हणजे कोअर फार वेळ अडकल्याचे, इशारे ओतू लागतात. मूळ सेटिंगमध्ये त्यांच्या मर्यादा अनुक्रमे २१ आणि २० सेकंद, आणि तुम्ही त्याहून जास्त वेळ थांबवलं होतं. या इशाऱ्यांचा मॉड्यूलशी संबंध नाही. न थांबवताही ते येत असतील तर मात्र तुमच्या मॉड्यूलने खरोखर कोअर अडवून ठेवला आहे.

स्टेप करताना इंटरप्टमध्ये घुसण्याचं कारण हेच: थांबलेल्या काळात टायमरचा इंटरप्ट साचलेला असतो आणि पहिल्याच पावलाला तो पुढे येतो. ओपनओसीडीत एआर्च६४ मास्कआयएसआर ऑन द्या, ३२-बिटवर कॉर्टेक्स_ए मास्कआयएसआर ऑन. काम झालं की ऑफ करा. काही बोर्डांवर रिकामा बसलेला कोअर झोपी जातो आणि डीबगची जोडणीच तुटते; तिथे सीपीयूआयडल.ऑफ=१ बूटच्या ओळीत घालून बघा.

फंक्शन नाहीसंच होतं

कर्नेल ऑप्टिमायझेशनशिवाय बांधता येत नाही, त्यामुळे लहान स्टॅटिक फंक्शन्स बोलावणाऱ्याच्या पोटात विरघळतात आणि व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ दिसतात. ज्या फंक्शनवर थांबायचं आहे त्याला तात्पुरतं नोइनलाइन लावा. किंवा मेकफाइलमध्ये फक्त त्या एका फाइलसाठी -ओजी द्या. सगळ्या कर्नेलवर असा प्रयोग करू नका.

आता कुठे केबल

इथवर येऊनही चिपच सापडत नसेल किंवा जोडणी टिकत नसेल तर तारांकडे वळा. पायवर कॉन्फिग.टीएक्सटीमध्ये एनेबल_जेटॅग_जीपीआयओ=१ ही ओळ हवी. ती जीपीआयओ २२ ते २७ जेटॅगला देते: २२ टीआरएसटी, २३ आरटीसीके, २४ टीडीओ, २५ टीसीके, २६ टीडीआय, २७ टीएमएस. हे जीपीआयओचे आकडे आहेत, हेडरवरच्या पिनचे नव्हेत. टीसीके हेडरच्या २२ क्रमांकाच्या पिनवर येतो आणि तिथेच घोटाळा होतो. ग्राउंड जोडलाच पाहिजे.

ओपनओसीडीने पहिला आकडा म्हणजे आयडीकोड ४बीए००४७७ असा दाखवला तर आर्मचा डीबग पोर्ट सापडला, तारा ठीक आहेत. सगळे शून्य किंवा सगळे एफ आले तर टीडीओ, म्हणजे चिपकडून डेटा परत आणणारी लाइन, मेलेली आहे: तार, पिन किंवा वीज. आकडा दरवेळी बदलत असेल तर गती कमी करा, ॲडॅप्टर स्पीड १००० वर, तरी नाही तर १०० वर, आणि तारा हाताच्या वितीएवढ्या आखूड ठेवा.

जोडणी नेमकी इन्समॉड करताच तुटत असेल तर मॉड्यूलचा डिव्हाइस ट्री ओव्हरले (कोणती पिन कोणाला, हे कर्नेलला सांगणारी फाइल) बघा. त्यानेच २२ ते २७ पैकी एखादी पिन स्वतःकडे घेतली असेल. यात नवा ॲडॅप्टर विकत घेऊन काही साधत नाही, पिन बदला.

इथे थांबा

पुढच्या परिस्थितीत स्वतः पुढे जाऊ नका.

बोर्डाच्या जेटॅगचं व्होल्टेज माहीत नसेल तर काहीही जोडू नका. पाय ३.३ व्होल्टवर चालतो, पण अनेक चिप्सचा डीबग पोर्ट १.८ व्होल्टचा असतो आणि ३.३ व्होल्टचा ॲडॅप्टर तो कायमचा जाळू शकतो. सर्किट डायग्राम मागा, व्हीटीरेफ पिन (बोर्डाचं सिग्नल व्होल्टेज दाखवणारी) मीटरने मोजा, आणि मोजता येत नसेल तर हार्डवेअर इंजिनिअरला बोलवा.

चिप सापडते पण कोअर थांबू देत नाही, आणि बोर्ड सिक्युअर बूटचा आहे: डीबग पोर्ट बहुधा कारखान्यात फ्यूजने बंद केलेला असतो. तो सॉफ्टवेअरने उघडत नाही. फ्यूजशी खेळलात तर बोर्ड कायमचा जाईल. बोर्ड पुरवणाऱ्याकडे डेव्हलपमेंट नमुना मागा.

जेटॅगच्या जागा बोर्डावर आहेत पण कनेक्टर बसवलेला नाही, किंवा सिग्नल चिपच्या खालून काढावा लागणार आहे: सूक्ष्म सोल्डरिंगची सवय असलेल्या माणसाकडे द्या. सर्वात कमी गतीलाही आकडा बदलतच असेल, तर ऑसिलोस्कोप आणि तो वाचणारा माणूस लागेल.

आणि बोर्डाला मोटर, हीटर, बॅटरी चार्जर किंवा रुग्णाला जोडलेलं उपकरण असेल तर प्रोसेसर अजिबात थांबवू नका. कोड थांबतो, आउटपुट आहे त्या स्थितीत राहतं. हीटर चालू असताना थांबवला तर तो चालूच राहतो आणि बंद करणारा कोड थिजलेला असतो. अशा यंत्रावर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसाच्या उपस्थितीतच काम करा, किंवा भार काढून ठेवा.

मदत मागायला जाताना हे सोबत न्या: /प्रॉक/व्हर्जन आणि /प्रॉक/सीएमडीलाइनचा मजकूर, सेक्शन्स फोल्डरमधले ॲड्रेस, दोन्हीकडचे बिल्ड आयडी, ओपनओसीडी सुरू झाल्यापासूनचा पूर्ण लॉग, आणि तुम्ही जीडीबीत दिलेला ॲड-सिम्बॉल-फाइलचा आदेश जसाच्या तसा.